आडवं कोण गेलं नाही : सुरेखा यादव इंजिनात कशा पोचल्या त्याची केस

दरवर्षी आमच्या पॉलिटेक्निकमध्ये फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात एकच प्रश्न विचारते, इलेक्ट्रिकल का घेतलं? पोरांची उत्तरं ठरलेली असतात, आवड आहे मॅडम, स्कोप आहे मॅडम. पोरी जास्त खरं बोलतात. दोन वर्षांपूर्वी साठात अकरा पोरी होत्या, त्यातली एक उठली आणि सरळ म्हणाली, "कॉम्प्युटरला नंबर नाही लागला." सगळा वर्ग हसला, ती पण हसली आणि खाली बसली. मला काही हसू आलं नाही कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी माझं उत्तर याच्यापेक्षा काही भारी नव्हतं, मला इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे होतं आणि लिस्टमध्ये माझ्या नावापुढं इलेक्ट्रिकल आलं, वडील म्हणाले सरकारी कॉलेज आहे, फी कमी आहे, गप जा.

आणि तरी दर आठ मार्चला कोणीतरी पाहुण्या येतात आणि "पुरुषांच्या क्षेत्रात पाऊल ठेवण्याची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली" असा प्रश्न घेऊन बसतात. म्हणजे लहानपणी कुठंतरी काहीतरी चमकलं असणार, स्वप्न पडलं असणार, घरच्यांशी भांडण झालं असणार, असं सगळं आधीच धरून चालतात. असेलही कुणाचं तसं. पण मी या लाइनीत जेवढ्या बायका पाहिल्या त्यातल्या बहुतेकींची गोष्ट एवढी फिल्मी नाही, आणि ती फिल्मी नाही म्हणूनच कामाची आहे, कारण स्वप्न काय कुणाला वाटता येत नाही, फॉर्म वाटता येतो.

म्हणून मी वर्गात एक केस सांगते, आपल्याच भागातली, सुरेखा यादव यांची. पोरांना नाव माहीत असतं, वंदे भारतवाल्या बाई म्हणून. मधलं काही माहीत नसतं. आज ती केस जरा सविस्तर लिहिते, कारण तासाला पन्नास मिनिटंच असतात आणि त्यातली दहा हजेरीत जातात.

आधी नुसती माहिती. माहेरचं नाव सुरेखा भोसले, जन्म २ सप्टेंबर १९६५, सातारा. वडील रामचंद्र भोसले शेतकरी, आई सोनाबाई, पाच भावंडं आणि ही थोरली. शाळा साताऱ्याचं सेंट पॉल कॉन्व्हेंट, नंतर कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. मनात काय होतं तर गणित घेऊन बीएस्सी करायचं, मग बीएड करायचं आणि मास्तरीण व्हायचं. मध्येच रेल्वेची भरती आली, फॉर्म भरला, लेखी पास झाल्या, कल्याणच्या ट्रेनिंग स्कूलला सहा महिने काढले आणि १९८९ ला असिस्टंट ड्रायव्हर म्हणून रेग्युलर झाल्या. बीएस्सी, बीएड राहिलं ते राहिलंच.

पहिली गाडी होती एल-५० नावाची लोकल मालगाडी, वाडीबंदर ते कल्याण. त्यावर असिस्टंट. मालगाडीच्या पूर्ण ड्रायव्हर झाल्या १९९८ ला. एप्रिल २००० मध्ये मध्य रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल लोकल निघाली ती त्यांनी चालवली. २०१० ला घाटात गाडी चालवायचं ट्रेनिंग झालं, ८ मार्च २०११ ला पुण्याहून डेक्कन क्वीन घेऊन त्या सीएसटीला आल्या. १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, वेळेच्या पाच मिनिटं आधी. सप्टेंबर २०२५ मध्ये रिटायर झाल्या, शेवटची गाडी राजधानी, इगतपुरी ते सीएसएमटी. एकूण छत्तीस वर्षं. आशियातली पहिली महिला ट्रेन ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव घेतात.

आता इथं थांबून जरा उलटं बघा. पेपरवाले सुरुवात करतात वंदे भारतपासून आणि मागं मागं जात जिद्द शोधतात. मी वर्गात उलटं करायला लावते, पुढचं काहीच माहीत नाही असं धरा, साल ऐंशीच्या दशकातलं, साताऱ्याकडची शेतकऱ्याची थोरली मुलगी, समोर काय काय रस्ते होते ते फळ्यावर लिहा. पोरं लिहितात लग्न, डीएड, नर्सिंग, बँकेची परीक्षा, शेती. इंजिन ड्रायव्हर कोणीच लिहीत नाही. मग मी विचारते, तर मग ती तिथं गेली कशी, आणि बरोब्बर कुठल्या जागी कोण आडवं गेलं असतं तर ती गेली नसती? हा प्रश्न मला "प्रेरणा कुठून मिळाली" पेक्षा बरा वाटतो. आपल्याकडं मुलीच्या बाबतीत आडवं जायला मांजर लागत नाही, मामा पुरतो.

पहिली जागा घर. शेतकऱ्यानं थोरल्या मुलीला कॉन्व्हेंटला घातलं, ही गोष्ट लोक एका ओळीत सांगून पुढं जातात, पण त्या काळात पाच पोरांच्या घरात पैसा कुणावर घालायचा याचा हिशोब असायचा आणि थोरली मुलगी त्या हिशोबात वरच्या नंबरला नसायची. ती घरकामाला, धाकट्यांना सांभाळायला धरलेली असायची. इथं तसं झालं नाही. याच्यात मोठा काही स्त्रीमुक्तीचा विचार होता का, मला वाटत नाही, आणि तसा असायलाच पाहिजे असंही नाही. कधी कधी थोरलीवर खर्च करतात ते ती लवकर हाताशी येईल म्हणून पण करतात. माझ्या घरी तेच होतं. कारण काही का असेना, पैसा लागला आणि पोरगी शिकली.

दुसरी जागा डिप्लोमा. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. दहावीनंतर तीन वर्षं आणि हातात कागद, ज्याच्यावर नोकरी मिळू शकते. डिग्री म्हणजे पाच-सहा वर्षं, तोपर्यंत मुलीचं वय एकवीस-बावीस, तोपर्यंत घरी दोन-तीन स्थळं येऊन गेलेली असतात आणि प्रत्येक स्थळ म्हणजे एक आडवं जाणं. डिप्लोमावाली पोरगी त्याच्या आधी बाहेर पडते. शिवाय घरच्यांना डिप्लोमा भारी काही वाटत नाही, त्यामुळं कोण भांडायला पण येत नाही, "करतेय काहीतरी, करू दे." या "करतेय काहीतरी"च्या आडोशाला माझ्या कितीतरी पोरी तीन वर्षं निवांत काढतात.

आणि विषय इलेक्ट्रिकल. मुंबई विभागात गाड्या विजेवर चालत होत्या, तेव्हा तिथं पंधराशे व्होल्ट डीसी होती, आता पंचवीस हजार व्होल्ट एसी आहे. इंजिनात काय असतं? ट्रॅक्शन मोटर, कॉन्टॅक्टर, सर्किट ब्रेकर, वर तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ, आणि खाली ब्रेकचं हवेचं गणित. सिरीज मोटरला सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जास्त का असतो हे आम्ही सेकंड इयरला शिकवतो, पोरं जांभया देत लिहून घेतात, पण रेल्वेत जुन्या डीसी इंजिनांना तीच मोटर होती, दोन हजार टनाची मालगाडी जागेवरून हलवायची तर तीच पाहिजे. म्हणजे कराडला जे शिकलं ते कल्याणला उपयोगी पडलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाईनं केवढी उडी मारली, पण सिलॅबसच्या हिशोबानं ते पुढचं पान होतं. मुलीला "पुरुषी" वाटणारं काम तिच्या ओळखीचं झालं की ते पुरुषी राहत नाही, ते फक्त काम राहतं. ही ओळख करून द्यायला वर्कशॉप लागतं, लॅब लागते, भाषण नाही.

तिसरी जागा जाहिरात आणि परीक्षा. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

असिस्टंट ड्रायव्हरच्या भरतीत शिक्षण काय पाहिजे, वय किती, डोळे कसे पाहिजेत हे असतं. बाई चालणार नाही असं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं कारण कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की बाई अर्ज करेल! तिकडं १९७४ ची दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, टाटांच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं आणि सुधा मूर्तींनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं. ते धाडस आहेच. पण बघा, तिथं दार बंद होतं म्हणून धाडस लागलं. रेल्वेच्या केसमध्ये दार कुणी लावायचंच विसरलं होतं, नुसतं ढकललं आणि उघडलं.

परीक्षेला गेल्यावर सुरेखाताईंच्या लक्षात आलं की आजूबाजूला सगळे पुरुषच आहेत, आपण एकट्याच. याच्या आधी कुणी बाई या कामाला आलेली नाही हे त्यांना फॉर्म भरताना माहीत नव्हतं. मला वाटतं हे बरंच झालं. माहीत असतं तर कदाचित दहा जणांना विचारलं असतं, आणि दहा जणांना विचारलं की त्यातले नऊ नको म्हणतात. आपल्याला वाटतं मुलींना आधीची उदाहरणं दाखवली की त्या येतात, खरंय, पण पहिलीला उदाहरण नसतंच, तिला एक तर प्रचंड हिंमत पाहिजे नाहीतर थोडं अज्ञान पाहिजे, आणि अज्ञान स्वस्त पडतं.

लेखी परीक्षेची एक गंमत आहे, पेपरला चेहरा नसतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती बांगडीच्या हातानं लिहिली का कसल्या हातानं ते कळत नाही. एकदा मार्क पडले, मेडिकल पास झालं, की मग नाही म्हणायचं असेल तर कुणीतरी कागदावर कारण लिहून खाली सही करायला लागते, आणि सरकारी ऑफिसात अशी सही करायला सहजासहजी कोण धजत नाही.

याच्या उलट माझं सांगते. डिप्लोमा झाल्यावर मी एका कारखान्यात इंटरव्ह्यूला गेले, नाव घेत नाही, चांगला मोठा होता. मेंटेनन्सची जागा. टेक्निकल प्रश्नांची उत्तरं बरी दिली, स्टार-डेल्टा स्टार्टर काढून दाखवला. मग समोरचे साहेब पेन ठेवून अगदी प्रेमानं म्हणाले, बेटा, आमच्याकडं तीन शिफ्ट असतात, लेडीजला आम्ही नाईट देऊ शकत नाही, कायदाच आहे, मग तुझी नाईट कोण करणार? आणि खोटं नव्हते बोलत ते. १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट, कलम ६६, बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला ठेवता यायचं नाही. पुढं ते सैल झालं, कोर्टात गेलं, राज्यांनी नियम बदलले, पण तेव्हा होतं. बाईच्या संरक्षणासाठी केलेला कायदा आणि त्यानं मला त्या दिवशी कशापासून वाचवलं असेल तर पगारापासून. खाणीचं तर त्याहून कडक होतं, १९५२ च्या कायद्यानं जमिनीखाली बाईला कामच नाही. रेल्वेचा रनिंग स्टाफ, म्हणजे गाडीवर काम करणारे लोक, मात्र फॅक्टरीत मोडत नाही, त्यांचे ड्युटीचे नियम वेगळे. आमच्या गावाकडच्या दोन इलेक्ट्रिकलवाल्या बायका, एक इंजिनात रात्री दोनला सिग्नल बघत होती आणि एकीला कारखान्याच्या गेटवरून संध्याकाळी पाचच्या एसटीनं परत पाठवलं, आणि फरक हिमतीचा नव्हता, फरक कुठल्या कायद्याखाली कोण येतं एवढाच होता. मी मग शिकवायला लागले. म्हणजे त्यांना मास्तरीण व्हायचं होतं त्या ड्रायव्हर झाल्या आणि मला मशीनवर जायचं होतं मी मास्तरीण झाले, हे वर्गात सांगितलं की पोरं फार खूश होतात. (पुढं त्या पण कल्याणच्या ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरला इन्स्ट्रक्टर झाल्या, म्हणजे फिरून मास्तरकी आलीच.)

चौथी जागा टिकण्याची. आत आल्या हे झालं, पण छत्तीस वर्षं का राहिल्या? निवडणं म्हणजे एका दिवसाचं काम नाही, ते रोज परत परत करायला लागतं, रोज पहाटे तीनला कॉल आला की परत निवडायचं.

काम काय असतं ते लोकांना माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. असिस्टंट म्हणजे नुसता बाजूला बसणारा नव्हे. इंजिन ताब्यात घेताना खाली उतरून फिरून बघायचं, खाली काही लोंबतंय का, ब्रेक ब्लॉक ठीक आहेत का, कपलिंग, हवेचे पाईप. चालू गाडीत प्रत्येक सिग्नल मोठ्यानं बोलायचा आणि ड्रायव्हरनं तो परत बोलायचा, दोघांनी हात करून, दिवसभर, रात्रभर, शेकडो वेळा. कुणी साखळी ओढली की खाली उतरून खडीवरून चालत त्या डब्यापर्यंत जायचं, पावसात, अंधारात, आणि मालगाडी असेल तर पन्नासेक वॅगनची लांबी म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या वर. खडीवर चालून बघा एकदा कधी, पाय कसे मुरगळतात ते. हे काम सुरेखाताईंनी १९८९ पासून कितीतरी वर्षं केलं. बातमीत या वर्षांना एक ओळ पण नसते.

आणि टॉयलेट. इंजिनात टॉयलेट नव्हतं. कितीतरी वर्षं नव्हतंच, अगदी अलीकडं काही इंजिनांत बसवायला लागले. पुरुष ड्रायव्हर गाडी थांबली की खाली उतरून कुठंतरी आडोशाला जातो, बाईनं काय करायचं? पाणी कमी प्यायचं. उन्हाळ्यात, तापलेल्या केबिनमध्ये, पाणी कमी प्यायचं. हे कुठल्याही मुलीला करिअर गायडन्समध्ये कोण सांगत नाही पण पहिल्या आठवड्यात तिला कळतं, आणि मग ती राहायचं का जायचं ते याच्यावर पण ठरतं. अलीकडच्या काळात महिला लोको पायलटनी, म्हणजे इंजिन ड्रायव्हरनी, रेल्वे बोर्डाकडं मागणी केली होती की एक तर नीट सोयी द्या नाहीतर दुसऱ्या खात्यात बदलून द्या. एका बाजूला आठ मार्चला सगळ्या महिला क्रूची गाडी, हार, फुगे, केक, आणि दुसऱ्या बाजूला हा अर्ज. मला त्या फुग्यांचा राग नाही पण त्या खर्चात एक कडी लागत असलेला दरवाजा झाला असता.

घरचं बघायचं तर १९९० ला लग्न, नवरा शंकर यादव, पोलीस इन्स्पेक्टर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पोलीस आणि रेल्वे, दोघांचीही ड्युटी वेळीअवेळी, दोघांनाही बंदोबस्त काय आणि लिंक (रेल्वेतला ड्युटीचा तक्ता) काय ते सांगत बसावं लागत नाही. दहा ते पाचवाल्या माणसाला रात्री एकला बायको डबा घेऊन निघाली हे पचायला वेळ लागतो, ज्याची स्वतःची नाईट असते त्याला त्यात काही वाटत नाही. दोन मुलं झाली, ती वाढली, शिकली. घरात कुणी काय केलं, कोण कोण मदतीला होतं याच्या तपशिलात मी जात नाही, पण पोलिसाच्या घरात रात्रपाळी ही भानगड नव्हती एवढं तर दिसतंच. माझ्या विद्यार्थिनींना मी गमतीत सांगते, स्थळ बघताना पत्रिका नंतर बघा, आधी त्याच्या नोकरीला नाईट आहे का विचारा.

आणि मग कामाचा स्वतःचा एक ओढा असतो, तो आधी नसतो, नंतर तयार होतो. भोर घाट घ्या. कर्जत ते लोणावळा साधारण अठ्ठावीस किलोमीटर, चढ १:३७, म्हणजे सदतीस मीटर गेलं की गाडी एक मीटर वर. कर्जतला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, आपण प्रवासी तेवढ्यात वडा खातो, पुढचा ड्रायव्हर आणि मागचे बँकरवाले एकमेकांना दिसत नसताना ताळमेळ राखत गाडी वर नेतात. उतरताना त्याहून अवघड, गाडी मध्ये मध्ये थांबवून ब्रेक तपासायचे, सुटलीच तर वळवून घ्यायला कॅच सायडिंग ठेवलेली आहेत. पावसाळ्यात बोगद्यातून बाहेर पडलं की धुक्यात सिग्नल दिसेल का नाही याचा भरवसा नाही. असा घाट एकदा ज्याला जमला तो माणूस मग कशाला सोडतो. मास्तरीण व्हायचं होतं हे खरं, पण घाटात गाडी उतरवता येणारं माणूस उद्या कुणी बीएडचा फॉर्म हातात दिला तर भरेल का? मला नाही वाटत. वंदे भारतला तर घाटात बँकर लागतच नाही, आपल्या ताकदीवर चढते, ती गाडी सुरेखाताईंच्या हातात आली तेव्हा त्यांच्या नोकरीला चौतीस वर्षं झाली होती.

तर आवड आधी आणि काम नंतर हा क्रम बऱ्याचदा उलटा असतो. हे मी अनुभवानं सांगते, मला पहिली दोन वर्षं मशीन लॅब आवडायची नाही, शॉक बसायची भीती वाटायची.

एका केसवरून सगळं ठरवू नये म्हणून शेजारी दुसरी ठेवते. मुमताज काझी, मुंबईच्याच, १९९१ ला रेल्वेत आल्या, डिझेल इंजिन चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात, पुढं लोकल चालवल्या, २०१७ ला नारीशक्ती पुरस्कार मिळाला. त्यांचे वडील स्वतः रेल्वेत. आता तुम्ही म्हणाल घरातच रेल्वे, म्हणजे वडिलांनीच आणलं असणार. तर वडीलच आधी नको म्हणाले होते! नंतर लोकांनी समजावलं, मग तयार झाले. ज्याला ते काम जवळून माहीत असतं तो आधी आडवा जातो, कारण त्याला खडी पण माहीत असते आणि टॉयलेट पण. साताऱ्याच्या शेतकऱ्याला इंजिनातलं काय माहीत असणार, त्याला एवढंच कळलं असेल की सरकारी नोकरी आहे, आणि सरकारी नोकरी या दोन शब्दांपुढं आपल्याकडं भले भले नियम वाकतात. मुलगी रात्री बाहेर राहिली तर गाव बोलतं, सरकारी पगारावर राहिली तर तेच गाव पेढे मागतं. हा माझा अंदाज आहे, पण मी तिकडचीच आहे.

आणि १९८९ नंतर १९९१ हे अंतर पण बघा. ज्या दिवशी एकीचं नाव यादीत आलं त्या दिवसापासून पुढच्यांना "बायकांना घेत नाहीत" हे कारण देता येईना. तरी पूर काही आला नाही. २०११ च्या सुमारास अख्ख्या देशात महिला ड्रायव्हर पन्नासच्या आसपास होत्या असं छापून यायचं, आता दोन हजारांच्या घरात आहेत. वीस वर्षं थेंब थेंब आणि मग एकदम, असं का झालं? उदाहरण तर १९८९ पासून होतंच की. माझ्या मते नुसत्या उदाहरणानं होत नाही, मधल्या काळात पॉलिटेक्निक आणि आयटीआयमध्ये मुली वाढल्या, आपल्या राज्यात प्रवेशात तीस टक्के जागा मुलींना आल्या, आणि भरतीच्या जागा मोठ्या निघायला लागल्या. २०२४ ची असिस्टंट लोको पायलटची भरती आधी ५,६९६ जागांची होती ती वाढवून १८,७९९ केली. एवढ्या जागा निघाल्या की घरात मुलगा-मुलगी असा भेद जरा बाजूला पडतो, जो पात्र आहे त्यानं भरा. फॉर्मची फी मुलींना २५० आहे आणि पहिल्या परीक्षेला बसलं की तीही बँकेचा चार्ज कापून परत येते. असल्या बारीक गोष्टींना कोण प्रेरणा म्हणत नाही, पण मी फॉर्मच्या सीझनला कॉम्प्युटर लॅबमध्ये बसते तेव्हा "फी परत मिळते" हे ऐकून खुर्ची ओढून बसलेल्या पोरी मी मोजल्यात.

गेल्या पावसाळ्यात कर्जतला प्लॅटफॉर्मवर उभी होते, पुण्याला यायला. पलीकडच्या लाइनीला मालगाडी थांबलेली, इंजिनातून एक पोरगी उतरली, पंचविशीची असेल, खांद्याला सॅक, हातात वॉकीटॉकी, चाकांकडं वाकून बघत बघत चालली होती. माझ्या शेजारचा वडेवाला तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता, तो सुट्टे मोजत होता. ती परत आली, दांड्याला धरून वर चढली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी तेवढ्यात फोन काढून फोटो काढावा म्हणलं तोवर आमची गाडी हलली.

ती कॉम्प्युटरला नंबर न लागलेली पोरगी आता थर्ड इयरला आहे. मोटर कंट्रोलच्या लॅबमध्ये तिचा हात चांगला चालतो, वायरिंग सगळ्यात आधी तिचं होतं आणि मग शेजारच्या पोरांच्या चुका काढत फिरते. रेल्वेचा फॉर्म मी दाखवला होता, म्हणाली घरी विचारते. मी मनात म्हणलं झालं, विचारते म्हणाली म्हणजे संपलं. चार दिवसांनी संध्याकाळी फोन आला, नंबर अनोळखी.

"म्याडम नमस्कार, मी तिचा वडील बोलतोय. ती म्हणतीय रेल्वेचं इंजिन चालवायचा फॉर्म आलाय."

म्हणलं हो दादा, असिस्टंटचा.

"रातची ड्युटी असती का?"

असते, म्हणलं. रात्रीची असते, पावसात असते, दिवाळीला पण असते. घरापासून लांब पण टाकतील.

पलीकडं जरा वेळ काहीच नाही, मागं गोठ्यात कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि चष्मा चालतो का?"

नाही चालत, म्हणलं. मेडिकल कडक असतं, डोळे बिनचष्म्याचे लागतात.

"मग ठीकाय," तो म्हणाला, "तिला नाहीये चष्मा."